धोटा पालथा टांगलाय: गिरणगावच्या नव्या कारभाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
गिरण्यांच्या आवारांत स्टुडिओ, गॅलऱ्या, कॅफे आणि 'क्रिएटिव्ह हब' चालवणारे मालक, विकासक, आर्किटेक्ट आणि क्युरेटर;
तसंच या सगळ्याला परवानग्या देणारी महापालिका आणि राज्य शासन यांस,

स. न. वि. वि.

तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी माझे वडील लोअर परळच्या एका गिरणीच्या फाटकावर उभे होते. वय पंचाहत्तर, पांढरा लेंगा, हातात कापडी पिशवी. वॉचमननं क्यूआर कोड मागितला. त्यांच्याकडे नव्हता. मग कोणाला भेटायचंय, असं विचारलं. "कोणाला नाय. आत माझं खातं होतं, तेवढं बघायचंय." वॉचमननं त्यांना बाजूला थांबायला सांगितलं, आणि ते उन्हात वीस मिनिटं थांबले. घरी कोणालाच सांगून निघाले नव्हते. शेवटी त्यांनी मला फोन केला.

मला फोन केला कारण मी त्याच आवारात कामाला आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या एका स्टुडिओत जाहिरातींचं आणि मालिकांचं मराठी लिहिते. रविवारीही आम्ही असतोच. खाली आले, अ‍ॅपवर वडिलांची नोंदणी केली, ओटीपी घातला, 'होस्ट' म्हणून माझं नाव टाकलं आणि त्यांना आत घेतलं. ज्या जागेत त्यांनी १९६९ पासून आधी बदली, म्हणजे कोणी गैरहजर असेल तेव्हा घेतलेला कामगार, आणि मग कायम म्हणून तेरा वर्षं काढली, तिथं ते त्या दिवशी माझे पाहुणे म्हणून गेले.

वॉचमनवर माझा राग नाही. वडिलांचाही नव्हता. "त्याचा काय दोष? मी पन पंदरा वर्सं हेच केलं," एवढंच ते म्हणाले. १९८२ च्या गिरणी संपानंतर वरळीच्या एका सोसायटीत ते वॉचमनच होते.

आत प्रदर्शन लागलं होतं. आतला दगड, लोखंडी खांब आणि वरचं उत्तरेकडे उघडणारं काचेचं छप्पर तुम्ही छान राखलंय, हे आधी मान्य करते. खांबांना रंग दिला नाहीत, गंज पारदर्शक लेपाखाली ठेवलात. भिंतीवर एक धोटा, म्हणजे मागावर आडवं सूत नेणारं साधन, टांगलेला होता, खाली इंग्रजी चिठ्ठी: लाकूड आणि पोलाद, विसाव्या शतकाचा मध्य. वडील बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले आणि मग म्हणाले, "बाय, ह्यो पालथा टांगलाय गो." सुताची कांडी बसते ती खोबणी भिंतीकडे आणि पाठ लोकांकडे. कडेचं सूत बाहेर यायचं बारीक भोक दिसतच नव्हतं. त्या भोकाला तोंड लावून श्वासानं सूत ओढून घ्यायचं, पाळीत कितीतरी वेळा, सुताबरोबर तूसही आत, असं त्यांनी मला तिथंच करून दाखवलं. धोट्याला हात न लावता, ओठांचा चंबू करून. शेजारी दोन मुली सेल्फी काढत होत्या, त्या थांबून बघायला लागल्या. मग एक स्वयंसेवक आला आणि भिंतीपासून लांब राहायला सांगून गेला.

हे पत्र त्या रविवारीच लिहायचं होतं. राग थोडा खाली बसू दिला.

तुमच्याशी माझं भांडण काय आहे ते नीट सांगते, कारण ते सरळ नाही. तुम्ही नसतात तर माझा पगार नसता. तिथली कॉफी मी पिते. डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेली मुलगी त्याच रस्त्यावर लेखणीवर पोट भरते, हे माझ्या आजीला सांगितलं असतं तर तिनं नारळ फोडला असता. गिरण्या परत सुरू करा, असं मी म्हणत नाही. वडीलही म्हणत नाहीत. त्यांची छाती अजून रात्री वाजते. पण त्या प्रदर्शनाच्या माहितीफलकावर लिहिलं होतं की १९८२ नंतर हा भाग 'ओस' पडला आणि मग 'सर्जनशील समुदायानं' त्याला नवा जन्म दिला. ते वाक्य मी मराठीत उतरवून द्यावं म्हणून आमच्याच स्टुडिओकडे आलं होतं. मी ते उतरवलं नाही. त्याऐवजी हे लिहिते आहे.

ओस काहीही पडलं नव्हतं. १८ जानेवारी १९८२ ला कामगार पुढारी दत्ता सामंतांच्या हाकेवर सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे मागे घेतल्याचं आजतागायत कोणी जाहीर केलेलं नाही. माणसं चाळीतच होती. माझी आई खानावळ चालवायची. गावाहून आलेले, गावकीच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारे वीसेक गडी तिच्याकडे दोन वेळा जेवायचे. तिची त्या वर्षाची वही अजून माळ्यावर आहे. प्रत्येक पानावर एक नाव, नावाखाली महिना, महिन्यापुढे 'बाकी'. मार्चपर्यंत रकमा आहेत, पुढे नुसतं 'बाकी, बाकी' आणि जूनपुढे काहीच नाही. जेवायला घालत राहिली, लिहायचं सोडून दिलं. बरेचसे गडी नंतर गावी गेले. त्यातला एक १९९१ साली शिमग्याला आला होता, आंब्याची पेटी घेऊन.

आणि सर्जनशील समुदाय म्हणजे नेमकं कोण? अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक याच वस्तीत गायलं. रस्त्यावर सापडलेल्या पोराला गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं घरी नेलं आणि त्या पोराचा नारायण सुर्वे झाला, तोही इथलाच. ही मोठी नावं झाली. माझे वडील ज्यात होते ते बघा. दुसरी पाळी सुटली की दहा बाय बाराच्या खोलीत तालीम. नमन, जाखडी, शक्ती-तुरा, वर्षाकाठी एक नाटक. खोलीत झोपलेल्यांच्या अंगावरून पाय टाकत गौळण नाचवायची, आणि मृदंगावर टॉवेल गुंडाळायचा, नाहीतर खालचे मजलेवाले बोंबलायचे. ते नाटक मग परळच्या दामोदरला व्हायचं. शंभरी गाठलेलं ते नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं, रंगकर्मींनी विरोध केला. तुमच्यातलं त्यात कोणी दिसलं नाही. दिसलं असेल तर क्षमस्व, पण मी तरी पाहिलं नाही.

आता तक्रारी. आधी जमिनीची, कारण बाकीच्या सगळ्या तिच्यातून निघाल्या आहेत.

गिरण्यांची जमीन सगळी मिळून सहाशे एकरांच्या आसपास. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ ढोबळमानानं असा होता: गिरणीची जमीन विकासाला काढली की एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरियांच्या समितीनं तर सगळ्या गिरण्यांचा एकत्र आराखडा करा, म्हणजे सलग बागा आणि रस्ते निघतील, असा अहवाल दिला. आणि मग २००१ मध्ये नियमात बदल झाला: वाटणी फक्त 'मोकळ्या' जमिनीची. गिरणी म्हणजे एका भिंतीला लागून दुसरी भिंत, मोकळं असतं ते अंगण. त्या अंगणाचे तीन भाग झाले. उच्च न्यायालयानं २००५ मध्ये या बदलाला चाप लावला होता, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बदल कायम ठेवला. निकाल झाला, तो मान्य. पण त्या निकालानं कोणाला किती इंच मिळालं, हे परळच्या माणसाला कधी कोणी समजावून सांगितलं नाही. तुमच्या आवारातला तो दगडी चौक, जिथं शनिवारी सेंद्रिय भाज्यांचा बाजार भरतो, तो कोणाच्या वाट्याचा आहे? मी आवाराच्या व्यवस्थापनाला दोनदा लेखी विचारलं. पहिल्यांदा उत्तर आलं नाही, दुसऱ्यांदा भाजीबाजाराचं वेळापत्रक आलं.

एक जुनी गोष्ट लालबाग-परळात अजून सांगतात. गिरण्यांत पहिली बोलिंग अ‍ॅली आली तेव्हा कागदोपत्री ती कामगारांच्या करमणुकीसाठी दाखवली होती म्हणे. वडील ही गोष्ट सांगताना दरवेळी उठून चेंडू टाकून दाखवतात.

दुसरी तक्रार घरांची. ही तुमच्यापैकी स्टुडिओवाल्यांसाठी नाही, शासनासाठी आहे, पण तुम्हीही वाचा. म्हाडानं २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरं काढली, २०२० मध्ये ३,८९४. मधे २०१६ मध्येही सोडत झाली. अर्ज मात्र दीड लाखाहून जास्त कामगारांचे आणि वारसांचे. ज्यांचा नंबर लागला नाही त्यांना आता शेलू आणि वांगणी दाखवतात. बदलापूरच्याही पुढे. शेलूला घर घेतलेल्या म्हाताऱ्यानं छातीच्या तपासणीला केईएमला यायचं तर कर्जत लोकलनं दीड-दोन तास उभ्यानं यायचं, आणि येताना खिडकीतून करी रोडची टॉवरं बघायची. माझ्या वडिलांचा अर्ज सगळ्या सोडतींत होता. आम्ही भाग्यवान, चाळीतली खोली अजून आहे. त्यांच्या खात्यातले दोघं जण पावती जपत गेले.

तिसरी तक्रार जिवाची. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड (आताच्या प्रभादेवी) स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला, बरोबर तीन महिन्यांनी, कमला मिलमध्ये गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली, १४ गेली. एक पूल, एक गच्ची. पण कारण शोधायला गेलात तर दोन्ही वाटा एकाच जागी येतात: पाळीनं येणाऱ्या कामगारांसाठी आखलेल्या वस्तीत एकाच वेळी येणारी हजारो माणसं ओतली, आणि जिने, पूल, गल्ल्या, फाटकं होती तेवढीच ठेवली. गिरणी कामगार चालत यायचा. चाळ ते गिरणी दहा मिनिटं, म्हणून तर चाळी तिथं बांधल्या. तुमच्याकडे येणारे विरार आणि डोंबिवलीहून येतात, मीही त्यांच्याबरोबर त्याच जिन्यावर असते. लोअर परळचा डिलाईल पूल २०१८ मध्ये बंद झाला तो पूर्ण उघडायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. त्या पाच वर्षांत पावसाळ्यात आम्ही कसे चाललो, ते लिहायला बसले तर दुसरं पत्र होईल.

आणि म्हणूनच गेल्या महिन्यातला तुमचा निर्णय मला गप्प बसू देत नाही. आवाराच्या मागच्या बाजूनं पुढच्या रस्त्याला जाणारा बोळ होता. गिरणी चालू होती तेव्हापासूनचा. वायंडिंग खात्यातल्या बायका पोरांना पाजायला मधल्या सुट्टीत त्याच बोळातून चाळीत धावत जायच्या. पुढे तिथून आम्ही शाळेत गेलो, आता म्हातारी माणसं स्टेशनला आणि दवाखान्यात जात होती. तुम्ही तिथं सरकतं फाटक लावलंत आणि 'रहिवाशांनी अ‍ॅपवर नोंदणी करावी' असा कागद चिकटवलात. कागद इंग्रजीत. ज्यांच्यासाठी चिकटवला त्यांच्यातल्या अर्ध्यांकडे साधा फोन आहे. वळसा सातशे पावलांचा आहे, मी मोजलाय, आणि त्यातली दोनशे फुटपाथ नसलेल्या रस्त्यावरून.

(वायंडिंगवरून आठवलं. ते खातं होतं तिथं आता वाईन मिळते. वडिलांना वाटलं, पाटी रंगवणाऱ्यानं 'डिंग' गाळलं.)

नावाचं थोडक्यात. जाहिरातींत या जागेला 'अप्पर वरळी' म्हणणं बंद करा. परळ 'लोअर' होतं म्हणून भाव येत नव्हता, हे कळतं. पण पत्ता बदलला की पोस्टमनपासून रिक्षाच्या अ‍ॅपपर्यंत सगळ्यांना घोळ होतो आणि इथल्या माणसाला आपण कुठे राहतो ते परक्याला विचारावं लागतं.

मागण्या मांडते. हात जोडून नाही आणि शिव्या देऊनही नाही.

महापालिकेनं आणि नगरविकास खात्यानं प्रत्येक गिरणीचा एक पानाचा हिशेब छापावा, मराठीत, नकाशासह: एकूण जमीन किती, महापालिकेला किती, म्हाडाला किती, मालकाला किती, आणि मोकळी म्हणून मिळालेली जागा आज कुठे आहे व तिच्या फाटकाची किल्ली कोणाकडे आहे. तो हिशेब त्या त्या आवाराच्या दर्शनी भिंतीवर लावावा. जिथं गंजाला लेप लावता आला, तिथं एक फलकही मावेल.

शेलू-वांगणी ज्याला हवं त्याला द्या. नको म्हणणाऱ्याचा मुंबईतल्या घरावरचा हक्क त्यामुळे जाऊ नये, हे लेखी द्या. अर्जदार ऐंशीला आलेत. समित्या नेमण्याइतका वेळ त्यांच्याकडे उरलेला नाही.

अग्निशमनाची तपासणी शेवटची कधी झाली, काय त्रुटी निघाल्या आणि त्या भरल्या का, हे प्रत्येक उपाहारगृहाच्या दारावर, मेनूच्या शेजारी लावा. मालकांना अवघड वाटत असेल तर दोन्ही एकाच टायपात छापा, डिझाइनवाले आम्ही आहोतच.

बोळ उघडा. रात्री अकरानंतर बंद ठेवायचा तर ठेवा, सुरक्षेची अडचण मी समजू शकते. दिवसा तिथं कोणाला कोड विचारू नका. आणि गिरणी कामगाराचं जुनं ओळखपत्र, प्रॉव्हिडंट फंडाची पावती किंवा युनियनचं कार्ड ज्याच्याकडे आहे त्याला कोणत्याही प्रदर्शनात फुकट सोडा. ही मागणी तुम्हाला सगळ्यात स्वस्त पडेल. अशी माणसं आता फार उरली नाहीत.

प्रत्येक आवारातला एक दिवाणखाना, एक शेड, काय असेल ते, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी वस्तीतल्या मंडळांना तालमीला द्या. भजनी मंडळं आहेत, नमनवाले आहेत, एकांकिकेची पोरं आहेत जी सध्या महापालिका शाळेच्या जिन्यात तालीम करतात. भाडं त्यांना परवडेल असं. मृदंगाचा आवाज येईल. टॉवेल गुंडाळायला सांगू नका.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या क्रमांक दोन-तीनच्या जागेत वस्त्रोद्योग संग्रहालय होणार, हे ऐकत मी शाळेतून नोकरीपर्यंत आले असं म्हणलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. तिथं कारंजी आणि रोषणाई आधी झाली तरी माझी हरकत नाही. पण साचा, म्हणजे माग, चालवून दाखवणारी माणसं आज हयात आहेत, कारंज्याला ती घाई नाही. येत्या पावसाळ्याच्या आत त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. साचेखातं, थ्रॉसल, कांडी, जॉबर, बदली, भोंगा, पगाराच्या दिवशी फाटकावर उभा राहणारा पठाण, हे शब्द त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच उच्चारात घ्या. लिहून काढायला मी मोफत येईन. रविवार सोडून कधीही.

माझी नोकरी या पत्रामुळे जाईल का, असं आईनं विचारलं. मला माहीत नाही. ज्या आवाराबद्दल लिहिलं त्याचं नाव मी घातलेलं नाही, कारण नाव घातलं की बाकीची आवारं सुटतात. ज्यांना आपलं वाटेल त्यांनी आपलं समजावं.

उत्तर इंग्रजीत दिलंत तरी चालेल. मराठी करून मी वडिलांना वाचून दाखवीन, रोज तेच काम करते. मात्र फलकावरचं ते 'ओस'वालं वाक्य दुसऱ्या कोणाकडून उतरवून घेतलंत तर मला कळेल, परळात मराठी लिहिणारे फार नाहीत.

आणि धोटा सुलटा करा. खोबणी बाहेर, भोक दिसेल असा. दोन खिळ्यांचं काम आहे. वडील रोज संध्याकाळी, मी चप्पल काढायच्या आत, तेवढंच विचारतात.

आपली,
एका साचेवाल्याची आणि एका खानावळवालीची मुलगी
डिलाईल रोड, मुंबई